अहवालातली बस

सुमित्रा रामटेकेला ते स्वप्न पहाटेच्या झोपेत पडायचं. पांढरंशुभ्र शेत, त्यातून निघालेला एक सरळ रस्ता, आणि कडेला तिरकी होऊन थांबलेली निळी गाडी. गाडीत प्रफुल्ल. तो काचेआडून तिला काहीतरी सांगतोय, ओठ हलताहेत, पण आवाज काही येत नाही. ती पुढे जायला पाऊल उचलायची, तर बर्फ इतका मऊ की पाऊल खाली टेकायचंच नाही. मग जाग यायची, आणि खिडकीबाहेर ॲन आर्बरची पहिली बस घरघरत चढ चढत असायची.

प्रफुल्ल तिचा नवरा. नागपूरला इंजिनिअर झाला, पीएच.डी.साठी अमेरिकेत, इथल्या विद्यापीठात आला आणि इथेच रमला. जमिनीखालचं पाणी हा त्याचा विषय. शेताशेतांतून फिरायचं, विहिरींत लांब फीत सोडून पाण्याची पातळी मोजायची, हे त्याचं काम. "इथली माणसं वर राहतात आणि खाली एक अख्खं तळं झोपलंय," असं तो रोशनीला, त्यांच्या मुलीला, सांगायचा. फेब्रुवारी २००४ मध्ये, एका दुपारी, शेजारच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, आडरस्त्यावर त्याची गाडी बर्फावरून घसरली आणि झाडावर आदळली. सुमित्रा हॉस्पिटलात पोचली तोवर सगळं संपलं होतं.

कागदावर दोन वेळा लिहिलेल्या होत्या. अपघात तीन चाळीसला, हॉस्पिटलात आणलं चार पन्नासला. मधली सत्तर मिनिटं कुणाकडेच नव्हती.

सासूबाई नागपुरात, इंदोऱ्यात राहायच्या. दर रविवारी फोन. जय भीम झालं, रोशनीची शाळा झाली, थंडी किती पडली ते झालं, की थोडं थांबून विचारायच्या, "जाताना काही बोलला काय वं माझा प्रफुल्ल?"

"नाही आई, माहीत नाही," सुमित्रा म्हणायची. दीड वर्ष ती हेच म्हणत होती.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सुमित्रा तंत्रज्ञ होती. मेणात गोठवलेल्या शरीरातल्या ऊतींचे पापुद्र्यासारखे पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. हात हलला की सगळं वाया. ते काप पाण्यावर पसरताना तिला वाटायचं, तो तासही असाच कुठेतरी तरंगत असेल, कुणीतरी तो उचलून ठेवला असेल.

ऑक्टोबर २००५ मध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वीसपंचवीस मंडळी एका घरी जमली होती. वंदना झाली, जेवणं झाली. भांडी पुसता पुसता सुमित्राने हे अबोलीला बोलून दाखवलं. अबोली मुंबईची, ग्रंथालयशास्त्र शिकायला आलेली.

"मग मागून घ्या ना ताई!" अबोली म्हणाली. "तिकडे आत्ता माहितीच्या अधिकाराचा कायदा आलाय ना? इथे तो किती वर्षांपासून आहे. अपघाताला पोलीस आले असतील तर त्यांनी लिहिलं असणारच. इथे सगळं लिहून ठेवतात."

"मी मागितलं होतं गं. इथल्या पोलिसांना पत्र टाकलं होतं. ते म्हणाले, आमच्याकडे नोंद नाही."

"नसणारच. हे शहराचे पोलीस. गावाबाहेरचे रस्ते काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे असतात. अपघात ज्या काउंटीत झाला, तिच्या शेरीफच्या रेकॉर्ड्स विभागाला लिहायचं."

दोघींनी पुढच्या शनिवारी लायब्ररीत बसून अर्ज लिहिला. तारीख, वेळ, रस्त्याचं नाव, जवळचा चौक, चालकाचं नाव, अर्जदाराचं नातं. अबोली सांगत होती, "कारण सांगायची सक्ती नाही. पण काय हवं ते नेमकं लिहायचं. 'सगळं द्या' म्हटलं की त्यांनाही कळत नाही. अपघाताचा तक्ता वेगळा आणि अधिकाऱ्याने लिहिलेली हकिगत वेगळी. साक्षीदारांचे जबाब, फोनवर आलेल्या वर्दीची नोंद, हे सगळं नाव घेऊन मागा. फोटो?"

सुमित्रा खिडकीबाहेर बघत राहिली. मेपलची पानं लालभडक होऊन एकेक करत खाली येत होती, घाई नसल्यासारखी.

"फोटो नको," ती म्हणाली. "शब्द तेवढे द्या म्हणावं."

पाच कामाच्या दिवसांत उत्तर यायला हवं होतं. सहाव्या दिवशी पत्र आलं, की आणखी दहा दिवस लागतील. त्या दिवसांत सुमित्राला सगळंच पाण्याखालून दिसल्यासारखं व्हायचं. ती भाजी चिरायची, रोशनीची वेणी घालायची आणि कान टपालपेटीच्या झाकणाकडे. मग एका दुपारी जाड पाकीट आलं. सात पानं. कुठे कुठे नावांवर काळ्या पट्ट्या ओढलेल्या. साक्षीदाराची ओळख द्यायची नाही, असा नियम.

ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचत होती. रस्ता निसरडा. वेग मर्यादेत. झाड पडल्याने रुग्णवाहिकेला वळसा घालावा लागला. वाटेने जाणारी एक महिला थांबली, तिने वर्दी दिली आणि मदत येईपर्यंत ती चालकाजवळ राहिली. चालक शुद्धीवर होता.

शुद्धीवर होता. सुमित्राने पान उलटलं.

पाचव्या पानावर डेप्युटीने, शेरीफच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, लिहिलं होतं: "साक्षीदाराच्या सांगण्यानुसार चालक वारंवार 'बस' असं म्हणत होता. दुसरं काही बोलला नाही. शाळा सुटण्याची वेळ असल्याने शाळेची बस खड्ड्यात गेली असावी अशी शंका आली. दोन्ही बाजूंना अर्धा मैल शोध घेतला. शाळेला फोन करून खात्री केली. सर्व बस सुखरूप पोचल्या होत्या. चालकाला कोणती बस म्हणायची होती ते समजलं नाही."

बी, यू, एस. तीन इंग्रजी अक्षरं. सुमित्रा ती बघत राहिली आणि हळूहळू, पाण्यावर काप उलगडावा तशी ती अक्षरं उलगडली. ते पान ज्यांच्या हातांतून गेलं, त्यांत तो शब्द वाचू शकणारी ती पहिलीच होती.

बस.

ये, बस. बस ना जरा, किती वेळ उभी आहेस. प्रयोगशाळेतून दिवसभर उभी राहून ती घरी यायची आणि परत ओट्याशी उभी राहायची, तेव्हा तो खुर्ची पायाने सरकवत हेच म्हणायचा. तिला हसू आलं. अर्धा मैल बर्फ तुडवत बस शोधणारा तो भला डेप्युटी तिला डोळ्यांसमोर दिसला, आणि हसता हसता ती फरशीवर बसली आणि रडली. रोशनी शाळेतून आली तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"मॉम? व्हॉट हॅपन्ड?"

सुमित्राने तिला शेजारी ओढलं आणि ते पान दाखवलं. रोशनीने दोनदा वाचलं. मग ती मराठीत म्हणाली, "हे बाबाचं आहे."

आता एकच राहिलं होतं. तो कुणाला म्हणत होता? सुमित्राने शेरीफच्या ऑफिसात फोन केला. लोइस नावाची एक वयस्क कारकून बोलली. "नाव मला देता येणार नाही, बाई. पण तुम्ही बंद पाकीट पाठवलंत तर मी ते त्यांच्यापर्यंत पोचवीन. उत्तर द्यायचं की नाही, ते त्यांच्यावर."

तीन आठवड्यांनी फोन आला. बेव्हर्ली, त्या भागात घरोघर टपाल वाटणारी बाई. "तुम्हाला ती जागा बघायची असेल तर मी नेईन," ती म्हणाली.

डिसेंबरच्या त्या सकाळी दाट धुकं होतं. शेतं, कुंपणं, कोठारं, सगळं धुरकट, जणू कुणी पेन्सिलीने काढून बोटाने पुसलेलं. बेव्हर्लीने गाडी एका ओकच्या झाडापाशी थांबवली. दोघी उतरल्या.

"मी दाराजवळ उभी होते," बेव्हर्ली म्हणाली. "त्यांच्या अंगावर माझा कोट टाकला होता. ते माझ्याकडे बघून म्हणत होते, बस, बस. मी म्हणत होते, येतेय, गाडी येतेय. दोन वर्षं मला वाटतंय, त्यांना जी बस हवी होती ती मी आणू शकले नाही."

"ती गाडी नव्हती," सुमित्रा म्हणाली. "आमच्या भाषेत बस म्हणजे खाली बसा. तुम्ही उभ्या होतात ना, म्हणून."

बेव्हर्लीने ओकच्या बुंध्याजवळच्या जमिनीकडे पाहिलं. धुक्यात कुठेतरी करकोच्यांचा आवाज येत होता.

"मी बसले होते," ती म्हणाली. "पाय भरून आले म्हणून बर्फातच बसले, त्यांचा हात धरून. आणि मग ते गप्प झाले. मला वाटलं, धीर सुटला. पण चेहरा शांत होता. खरंच शांत होता."

परक्या बाईला प्रफुल्ल 'बसा' म्हणाला असता. 'बस' तो फक्त घरच्यांना म्हणायचा. बेव्हर्लीच्या जागी त्याला कोण दिसत होतं, हे सुमित्राने विचारलं नाही, विचारून कळणारंही नव्हतं. तिने बेव्हर्लीचा हात हातात घेतला आणि दोघी ओकखाली थोडा वेळ तशाच राहिल्या.

त्या रविवारी इंदोऱ्यात फोन लागला तेव्हा सुमित्राने सगळं सांगितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "उभ्या माणसाला पाहवतच नव्हतं त्याला. लहान होता तवापासून."

अहवाल मात्र चूकच राहिला होता, आणि ते सुमित्राला टोचत होतं. तिने लोइसला विचारलं. लोइस म्हणाली, अधिकाऱ्याने लिहिलेलं बदलता येत नाही, पण तुमचं निवेदन फाइलला जोडता येईल. सुमित्राने एक पान लिहिलं: पाचव्या पानावरचा शब्द वाहनाचा नाही, मराठी आहे, त्याचा अर्थ खाली बस. माझे पती मदतीला आलेल्या बाईची काळजी करत होते. डेप्युटींनी बस शोधली त्याबद्दल आभार. खाली तिने देवनागरीत तो शब्द लिहिला. ऑफिसच्या काउंटरवर लोइसने तो निरखून पाहिला, वरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि शिक्का मारला.

२००८ च्या उन्हाळ्यात सुमित्राला दूरच्या बेलव्ह्यू शहरातल्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. निघायच्या आधी फाइलवरचा आपला पत्ता बदलावा म्हणून ती काउंटीच्या ऑफिसात गेली. लोइस निवृत्त झाली होती. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने फाइल आणून उघडली.

"तुमचं निवेदन आहे. आणि मागे आणखी एक जोडलेलं आहे."

"मी एकच पान दिलं होतं."

"हे दुसऱ्या कुणाचं आहे. साक्षीदाराचं. तुमच्यानंतर दोन महिन्यांनी." मुलीने पान हाताने झाकलं. "दाखवता येत नाही मला. बघायचं असेल तर लेखी मागावं लागेल."

बेव्हर्ली. चार वेळा घरी जेवायला आली होती, रोशनीला वाढदिवसाची कार्डं पाठवत होती, आणि याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. कधीतरी टपाल वाटून झाल्यावर, बूट झटकत, ती या काउंटरशी आली असेल.

सुमित्राने मुलीकडून कोरा कागद मागून घेतला. काय हवं, कधीचं, कुणाचं, सगळं नेमकं लिहिलं. आणि उत्तर पाठवायच्या जागी पहिल्यांदाच बेलव्ह्यूचा पत्ता घातला.