दोन नावांची आई

थोरल्या भावानं चौदा वर्षांपूर्वी परदेशातून माझ्यासाठी अर्ज भरला होता. मी, नवरा आणि पोरगी, तिघांनी तिकडे कायमचं जायचं म्हणून. इतक्या वर्षांनी आमचा नंबर लागला आणि व्हिसावाल्यांचं पत्र आलं: तुम्ही सख्खे भाऊबहीण आहात हे साठ दिवसांत सिद्ध करा, नाहीतर अर्ज रद्द. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव होतं, दादाच्या दाखल्यावर दुसरंच. वडील मात्र तेच. चिंचोळीच्या एमआयडीसीत उभा जन्म एकाच मशीनवर काढलेला माझा बाप, मेल्यावर त्याला कागदानं दोन बायका देऊन टाकल्या!

मी तडक आईकडे गेले. ती आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून एकटी राहते.

"दोन दोन नावं कशाला लावून घेतलीस गं?" मी दारातूनच ओरडले.

"मी कुटं लावून घेतली? माजं म्हायेरचं नाव, थोरल्या जावंचं बी त्येच हुतं. एका घरात एका नावाच्या दोगी कशा चालतील? सासूनं लग्नातच बदलून टाकलं. मला कोन इचारतंय."

बरं, बदललं तर बदललं. पण पहिलं बाळंतपण माहेरी. दादा जन्मला तो नातेपुत्याजवळच्या वाडीत, आणि आजोबांनी ग्रामपंचायतीत जाऊन नोंद केली ती स्वतःच्या लेकीच्या नावानं, म्हणजे लग्नाआधीच्या. त्यांच्यासाठी ती तीच होती. माझ्या वेळेला आई इथंच सोलापुरात, सासरच्या नावानं दवाखान्यात. झालं.

दादाच्या दाखल्यावरचं आईचं नाव दुरुस्त करून घ्यायला वाडीला मी तीनदा गेले. दर खेपेला एसटीत कंबरडं मोडून घ्यायचं, शाळेच्या नोकरीतली एक रजा घालवायची. दोनदा ग्रामसेवक मीटिंगला गेलेले. तिसऱ्यांदा भेटले, शांतपणे रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "नोंद ज्यांनी दिली त्यांनाच घेऊन या, ताई." आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली म्हटलं, तर म्हणाले, "मग अवघड आहे की." मला त्यांच्या टेबलावरची घंटी उचलून भिंतीवर आपटावीशी वाटली. मी त्यांचे आभार मानून बाहेर आले, याचा मला अजून राग येतो.

शेवटी वकिलांनी मार्ग सांगितला. आईनं स्वतः प्रतिज्ञापत्र करायचं, की ही दोन्ही नावं माझीच. साठातले नऊ दिवस उरले होते. रिक्षानं तिला सात रस्त्याच्या चौकात, प्रतिज्ञापत्रं करून देणाऱ्या टायपिस्टकडे नेलं. वाटेत "आधार घेतलंस का, फोटो घेतलास का, तिथं उगाच जास्त बोलू नकोस" असं मी तिच्यावर सारखं खेकसत होते. ती बिचारी मांडीवरच्या पिशवीत हात घालून एकेक कागद चाचपत होती.

टायपिस्टनं मजकूर तिला मोठ्यानं वाचून दाखवला. "...वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच असून, ही दोन्ही मुले माझ्याच पोटची आहेत."

"व्हय, माजीच की," आई म्हणाली. तिनं पेन हातात घेतलं आणि थांबली. "ह्यावर सही केली की हिचं जायचं नक्की हुतंय न्हवं?"

"होय आजी. काम फत्ते," टायपिस्ट हसत म्हणाला.

तिनं सही केली. एक एक अक्षर रेटत, आधी माहेरच्या नावानं, मग सासरच्या. मला कागद मिळाला, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा हाती आलेला कागद नको वाटला. दादानं मागं तिलाही बोलावलं होतं, सगळे कागद मीच करतो म्हणाला होता. तेव्हा माझ्यासमोरच फोनवर ती त्याला म्हणाली होती, "माजी लेक हितं हाय की. तिला सोडून मी कशाला यीन?"