दादांचा चाकू

दादांचा चाकू पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या दारात गेला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचे डोळे दाखवायला गेलो होतो. दारावरच्या रक्षकाने त्यांच्या बंडीच्या खिशातला मिटलेला चाकू काढून टोपलीत टाकला आणि जाताना घेऊन जा म्हणाला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा तिथे दुसराच रक्षक होता आणि टोपली रिकामी होती. मी वाद घालायला लागले, तर दादांनीच मला थांबवलं.

"जाऊ दे. नेला आसंल कुणी. त्येलाबी काईतरी कापाया लागतच आसंल."

उत्रोलीला घरी आल्यावर मात्र त्यांचा हात सारखा खिशाकडे जायचा. पेरू हातात घेतला की आधी खिसा चाचपायचे, मग पेरू तसाच खाली ठेवायचे. आई विळीवर फोडी करून द्यायची, त्यातल्या निम्म्या ताटलीतच राहायच्या.

तो चाकू त्यांनी लग्नाच्या आधी वेल्ह्याच्या बाजारात घेतला होता. लाकडी मूठ, पितळी खिळे आणि धार लावून लावून मधे झिजलेलं बोटभर पातं. बैलाच्या दाव्याची गाठ सुटली नाही की तो निघायचा. आमच्या दप्तरात शार्पनर असायचे, तरी पेन्सिलीला टोक करायला आम्ही दादांकडेच जायचो.

मी नववीत असताना भाताला पहिल्यांदा भाड्याचं मळणीयंत्र आणलं. मी पेंढ्या उचलून देत होते आणि दादा शेजारी उभे राहून त्यांचे बंद कापत होते. वाऱ्याने माझी ओढणी उडाली आणि यंत्राच्या पट्ट्यात गेली. गळ्याला हिसका बसला, मी ओढले गेले. ओरडायला श्वासच नव्हता. तेवढ्यात ओढणी फाटल्याचा आवाज झाला आणि मी मागे पेंढ्यांवर पडले. दादांनी ती माझ्या कानाजवळ कापली होती. चाकू मिटून खिशात ठेवला आणि गंजीच्या पलीकडे जाऊन बसले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. धुरळा गेला म्हणाले.

असा चाकू गेल्यावर दुसरा घ्यायलाच हवा होता. मी त्यांना भोरच्या बाजारात नेलं. दुकानदाराने बटण दाबलं की उघडणारे चकचकीत चाकू मांडले. दादांनी एक दाबून पाहिला आणि दचकले.

"ह्यो उघडतू का उडतू?" त्यांनी हळूच मला विचारलं.

मग त्यांनी वेल्ह्यालाच जायचा हट्ट धरला. नसरापूरला एसटी बदलून आम्ही गेलो. बाजारात एक बाई ताडपत्रीवर खुरपी, विळे मांडून बसल्या होत्या. दादांनी विचारल्यावर त्यांनी मागचा बिस्किटाचा डबा पुढे ओढला. त्यात लाकडी मुठीचे मिटायचे चाकू होते. दादा खाली बसले आणि एकेक हातात घेऊन पाहू लागले. मूठ तळहातात दाबायचे, पात्यावरून उलटा अंगठा फिरवायचे, मिटताना कान जवळ न्यायचे. शेवटी एक लहानसा त्यांच्या मनासारखा निघाला.

तो दुसऱ्यांदा उघडायला गेले, तर उघडेना. पात्याची कमान कडक होती आणि त्यांची नखं आता ठिसूळ झाली आहेत. ते माझ्याकडे पाठ करून पुन्हा पुन्हा खटपट करत राहिले. बाईंनी एक सैल चाकू पुढे केला. दादांनी मान हलवली. सैल चाकू खिशातच उघडतो, म्हणाले.

मग त्यांनी तो कडक चाकू माझ्या हातात दिला.

"उघडून दाव."

मी नखाने पातं उचललं. मिटताना बोट कुठे असायला हवं ते त्यांनी धरून दाखवलं आणि पुन्हा उघडायला लावलं. बाजारातली माणसं बघत होती, पण दादांना घाई नव्हती.

"मंग तुज्याकडंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लागंल तवा म्या मागीन."

दादांनी आजवर माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. एसटीत मी चाकू पर्समध्ये टाकला, तर ते नाराज झाले. पर्समध्ये हात घालेपर्यंत माणूस मरंल, म्हणाले. घरी आल्यावर मी माझ्या कुडत्यांना उजवीकडे खिसे शिवून घेतले.

मी भोरला राहते. उत्रोली जवळच, तरी पूर्वी महिना महिना जाणं व्हायचं नाही. आता दादांचा फोन येतो. कधी गोणीची शिवण उसवायची असते, कधी दोरी कापायची असते. घरात विळी आहे, कात्री आहे, कोयताही आहे. परवा हरभऱ्याची जुडी आली होती, तिची सुतळी कापायला मला बोलावलं. मी पोचले तर आईने ती कधीच सोडली होती आणि दादा ओट्यावर बसून घाटे सोलत होते. ते थोडे सरकले. मी शेजारी बसले आणि अंधार पडेपर्यंत आम्ही सोलत राहिलो, निम्मे खात, निम्मे ताटात टाकत.