उंटकटाऱ्याच्या दोन कुंड्या

कुंडीत उंटकटारा लावणारा माणूस सुरतेत मी एकटाच असेन. आमच्या खानदेशात तो बांधावर फुकट उगवतो. पानापानाला काटे, आणि थंडीत फिक्या जांभळ्या फुलांचा गोल चेंडू. शोभेचं झाड म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी बघितलं, कारण नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीही दिसायला लागतं.

"घरात काटेरी झाड लावलं की भांडणं होतात," बायको म्हणाली. "आणि एक तुम्ही आहातच की, अजून कशाला?"

वडील गेल्यावर मायला गावाहून सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या घरी आणलं, त्याच खेपेला चार वाळके चेंडू रुमालात बांधून आणले होते. माय बघत होती.

सुरतेची हवा चिकट आणि पाऊस तुफान. या झाडाला दोन्ही सोसत नाही. म्हणून नवरात्र उलटल्यावर बी पेरलं. खाली विटांचे तुकडे, वर तापीची वाळू, नावापुरती काळी माती. कुंड्या अगाशीच्या, म्हणजे गच्चीच्या, पूर्वेच्या कठड्यावर मांडल्या, कारण ऊन सगळ्यात आधी तिथं येतं. पाणी आठवड्यातून एकदा, तेही हात आखडून. रोपं वीतभर झाली आणि एकेक करून त्यांनी माना टाकल्या. उपटून पाहिलं तर मुळं काळी, कुजलेली.

मी बियांना दोष दिला, वाळूला दिला, पलसाण्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या धुरालाही दिला. मग शेजाऱ्यांची टाकी वाहते असं माझ्या डोक्यात बसलं आणि मी शेजारच्या भाभीशी कडाक्याचा वाद घातला. ती गुजरातीत इतकं बोलली की मला निम्मंच कळलं, तेवढंही पुरलं.

"बघा, झालं ना भांडण?" बायको म्हणाली.

पुढच्या वर्षी पुन्हा पेरलं. पुन्हा माना पडायला लागल्या तेव्हा एका सकाळी मी चहाही न घेता वर गेलो. माय उभी होती. आंघोळ करून, ओल्या केसांनी, तांब्याचा गडू घेऊन. सूर्याला पाणी देत होती. ते पाणी पायदळी येऊ नये म्हणून ती ते कुंडीत सोडते, हे मला जन्मापासून माहीत. गावी तुळशीत सोडायची. इथं सूर्याच्या दिशेला माझे उंटकटारे होते. एक गडू सूर्याचा झाला. मग तिनं बादलीतून दुसरा भरला आणि माना टाकलेल्या रोपांच्या बुडाशी ओतला. तहानलीत असं वाटलं असणार तिला.

"माय, तू मारलीस माझी झाडं!" मी ओरडलो. काय बोलतोय याचं भान नव्हतं मला.

तिनं गडू पदराला पुसला आणि खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून वर आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. सोफ्यावर बसूनच खिडकीकडे हात जोडायची. सुरतेत तिचं आपलं असं काम तेवढं एकच होतं आणि ते मी काढून घेतलं. दिवसचे दिवस ती टीव्हीसमोर बसून राहायची. तो बंद असला तरी. मला लाज वाटत होती.

कोरड्यात उरलेली तीन रोपं मात्र तरारली. संक्रांतीला, इथल्या उत्तरायणाच्या सकाळी सगळ्या अगाश्यांवर पतंगांचा गलका चाललेला असताना पहिला चेंडू फुलला. मी खाली धावलो. मायला हाताला धरून एकेक पायरी वर आणलं.

तिनं फुलाकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. हसत होती.

"आमना बांधवर यास्ले उपटी उपटी मना हात सोलाई गयात," ती म्हणाली, "आनि तू हाई दखाडाले बलावस?"

म्हणजे जन्मभर जे उपटताना हात सोलले, तेच मी तिला कौतुकानं दाखवत होतो.

"मग पाणी कशाला घालत होतीस गं?"

"तू लाया ना," ती म्हणाली, "म्हनीसन."

तू लावलास ना, म्हणून. मी खाली गेलो, तिचा गडू शोधला, भरून आणला. तिनं सूर्याला पाणी दिलं आणि ते सोडायला जागा शोधत घुटमळली. कुंड्यांपासून हात लांब धरून.

"टाक," मी म्हणालो.

पंधरा दिवसांत त्या झाडानंही मान टाकली. आता दरवर्षी मी उंटकटारा पश्चिमेच्या कठड्यावर लावतो. तिथं ऊन उशिरा येतं, फुलंही उशिरा येतात. पूर्वेला दोनच कुंड्या ठेवतो, मायसाठी. त्या जगत नाहीत. तरी पेरतो.