आमे म्हणजे कासव

माझ्या धाकट्या जावेला मी चाळीस वर्षं गप बसवलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून सगळ्यांसमोर लिहून टाकते.

चौथी शिकलेली हाय मी. फोनवर एकेक अक्षर हुडकून लिवतीय. चुकलं तर हसू नका. हसला तरी मला कुटं दिसतंय म्हणा.

नीलव्वा अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. मी वैरागची. दोघी सोलापुरात एकाच घरात सुना म्हणून आलो.

तिचं मराठी म्हणजे "म्हैस आला" आन "भात शिजली."

एकदा पाहुणे मुलगी बघायला आले. ही कौतुकानं म्हणली, "आमचा पोरगी लई शांत हाय."
पाहुणे हसले.

तवापासून चारचौघांत गेलो की मी तिला कोपरानं ढोसायची. "तू गप गं, मी बोलते."
ती म्हणायची, "बरं अक्का." आन खरंच गप बसायची.

पण एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तिचं नाव होतं बरं का. सुताचा गुंता झाला की मालक बाकीच्यांना म्हणायचा, हात लावू नका, नीलव्वाला बोलवा. मी घरी कधी गुंता ओढायला लागले की माझ्या हातावर चापट मारायची. "एळिब्याड." म्हंजी ओढू नको. तेवढं कानडी मला पाठ झालं.

तर ती जायच्या आधीच्या हिवाळ्यात माझी नात ऐशू म्हणली, "आज्जी, तुमी दोघींनी अजून समुद्र बघितला न्हाय. चला, कोकणात जाऊ. बोटीतून कासवं दाखवते."

तिकडं जिकडं बघावं तिकडं मासे. आमी दोघी मासे खात न्हाय, म्हणून कडक भाकरी आन शेंगाची चटणी बांधूनच नेली होती. हॉटेलवाल्या पोराला आमची दया आली, त्यानं वाटीभर दही आणून दिलं. पैसे पण न्हाई घेतले. चांगली माणसं हायत.

बोटीत बसताना ते नारंगी जॅकेट घातलं. माझं काही केल्या लागंना. ऐशू म्हणली, "आज्जी, पोट आत घे." नीलव्वा हसून हसून बेजार.

पयल्यांदा गुहा बघितल्या. समुद्रातच मोठमोठे काळे खडक, आन त्यात अंधारी भोकं. लाट आत जायची आन हंड्यात पाणी डुचमळल्यासारखा आवाज यायचा. बारकी बारकी पाखरं आत-बाहेर करत होती.

नीलव्वानं हात जोडले. "अक्का, आत कोण देव हाय?"
"देव न्हाय. नुसती गुहा."
"मग एवढा मोठा दार कुणासाठी?"

मी बी हात जोडले.

तितनं परत निघालो आन ही एकदम वरडली, "आमे! आमे!"

मला ऐकू आलं, आमी, आमी. मला वाटलं हिला आपला दोघींचा फोटो पाहिजे. मी म्हणलं, "व्हय, आमीच की. दुसरं कोण हाय हितं?"

बोटवाल्याला सांगितलं, "तिला फोटो काढायचाय, तुमी चालू द्या."

बोट चालली पुढं. ती पाण्याकडं बोट दाखवतीय, "आमे, आमे." मी कोपर मारला. "गप बस की, लोक बघतेत."

चाळीस वर्षांत पयल्यांदा ती गप बसली न्हाय.

हलत्या बोटीत उभी राहिली आन बोटवाल्याला म्हणली, "ए दादा, गाडी फिरव! तो मरतंय!"

त्यानं गाडी, म्हंजी बोट, फिरवली.

कासव होतं. आमच्या परातीएवढं. तुटक्या जाळ्यात मान आन पंखासारखा एक पाय आवळून गेलेला. वर यायचं, फुस्स करून श्वास घ्यायचं, परत खाली ओढलं जायचं.

आता मला सांगा, सोलापुरात आमच्या घरात कासवाचं काय काम? भाजी, मीठ, भांडणं, सगळं मला कानडीत कळतं. कासवाला आमे म्हणतेत हे कुणी सांगितलंच न्हाय. तिला मराठी शब्द ठाऊक होता, पण घाईत तोंडातून माहेरचं निघालं.

बोटवाल्यानं आकड्यानं जाळं जवळ घेतलं आन सुरी काढली. पण दोरी मानेत रुतलेली. सुरी घालायची कुटं?

तो जाळं ओढायला लागला. नीलव्वानं त्याच्या हातावर चापट मारली.

"एळिब्याड!"

मी सांगितलं, "दादा, ओढू नका म्हणतीय. तिला करू द्या."

ऐशूनं तिला कमरेला धरलं. मी ऐशूला धरलं. आन ही अर्धी पाण्यावर वाकून एकेक पीळ ढिला करत बसली. मधनंच कासवाला म्हणायची, "तडी मगा, तडी." थांब लेकरा, थांब.

लाटेनं दोनदा तोंडावर पाणी मारलं. बोटांतनं रक्त आलं. अर्धा तास तरी झाला असंल. बोटीत एकटी तीच बोलत होती.

पाय सुटला. मग मान सुटली.

कासव जरा वेळ तसंच पडून राहिलं. मला वाटलं, गेलं. मग त्यानं डोकं वर काढलं, श्वास घेतला आन खाली निघून गेलं.

बोटवाला लई खूश. विचारलं, "आजी, तुम्ही खंयच्या?"

सवयीनं माझं तोंड उघडलं होतं. मी मिटून घेतलं.

नीलव्वा म्हणली, "मी सोलापूरची. माझा काम गुंता काढायची."

कोण हसलं न्हाय. हसलं असतं तर मी त्याला पाण्यात ढकललं असतं.

परत येताना किनाऱ्यापतूर ती बोलत होती. सूत कसं असतं, गाठ कशी असते, सगळं त्या बोटवाल्याला सांगितलं. मी ऐकत बसले. एवढं बोलणारी बाई माझ्याच घरात होती.

नीलव्वा, आपल्यात थोरलीनं धाकटीच्या पाया पडायची रीत न्हाय.

मी पडते.

तुझी अक्का.