सहावा मेहुणा

व्हर्जिल स्टंफला पाच मेहुणे होते आणि पाचही जण लिंडेन कॉलेजच्या बास्केटबॉलच्या फ्लोअरमध्ये होते. माणसं नव्हेत, माणसं आपापल्या घरी धडधाकट होती आणि रविवारी व्हर्जिलच्याच घरी जेवायला यायची. फ्लोअरमध्ये होती ती त्यांची नावं.

जिम जुनं, मेपलच्या फळ्या अठ्ठावन्न सालच्या. इतक्या वर्षांत काही ठिकाणी फळीखालचा आधार बसतो. तिथे चेंडू आपटला की तो कमरेपर्यंत यायच्या ऐवजी नडगीपर्यंत येऊन मान टाकतो. खेळाडू त्याला मेलेली जागा म्हणतात. एकतीस वर्षं हा फ्लोअर पुसताना व्हर्जिलने अशा पाच जागा शोधल्या आणि त्यांना बायकोच्या, म्हणजे नॉर्माच्या, भावांची नावं दिली: रॉय, डेल, अर्नी, कीथ आणि लायल. रॉयने नेलेली शिडी परत आली नव्हती. डेलने नेलेला आरा परत आला, पण दातांशिवाय. दिलेलं परत न करणं हा त्या घराण्याचा गुण, असं व्हर्जिलचं ठाम मत होतं, आणि ते नॉर्मासमोर बोलायची त्याची छाती नव्हती.

चार वर्षं खेळणाऱ्या मुलींना यातला एखादा मेहुणा आपसूक भेटायचा. पाचही ठाऊक असलेली माणसं दोनच, एक व्हर्जिल आणि दुसरी त्याची नात टेसा. ती नऊ वर्षांची असताना त्याने तिचा हात धरून तिला एकेका फळीवर उभं केलं होतं. "इथे चेंडू टाकायचा नाही," एवढाच धडा. टेसा आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. पहिली दोन वर्षं बाकावर बसून टाळ्या वाजवण्यात गेली. यंदा तिला मॅचमध्ये बारा-बारा मिनिटं मिळायला लागली होती, आणि त्या बारा मिनिटांत व्हर्जिल श्वास घ्यायचा की नाही हा गावाच्या थट्टेचा विषय होता.

आणि नेमकी याच वर्षी, मॅच सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये, इमानी रॅटलिफ आली.

मेम्फिसची पोर. आधी मोठ्या युनिव्हर्सिटीत होती, तिथे मॅचमागे चौदा गुण करायची. मग तिथला कोच बदलला, नव्याने आपल्या मुली आणल्या, आणि हिला बाकाचा कोपरा दाखवला. वर्ष तसंच गेलं. खेळायचं शेवटचं वर्ष हाताशी उरलं तेव्हा ती बॅग भरून इंडियानातल्या आमच्या या मक्याच्या गावात आली. उंची पाच फूट चार इंच. बोलणं कमी, रीत जुनी. व्हर्जिलला सगळं कॉलेज 'व्हर्ज' म्हणून हाक मारायचं. ही एकटी 'मिस्टर व्हर्जिल' म्हणायची.

कोच ट्राउटमनबाईंचं डोकं चालेना. त्यांची पद्धत बारा वर्षांची: डिसेंबरपर्यंत सगळ्यांना चाखून बघायचं, आणि जानेवारीत लीगच्या मॅच सुरू झाल्या की आठच जणी आलटून पालटून आत-बाहेर करायच्या. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. सात नावं ठरलेली होती. बाकामागे लोखंडी फळा होता, त्यावर नावांची चुंबकं. कोच त्या फळ्यापुढे उभ्या राहायच्या आणि शेजारून मॉप नेणाऱ्या व्हर्जिलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने स्वतःशी बोलायच्या.

"चेंडू वर न्यायला कर्स्टन आहे. तिचा हात कोण धरणार? लांबून मारायला दोघी आहेत. हिचा नेम वर्षभर बसून गंजलाय. पाच-चारच्या मुलीला मी घालू कुठे, व्हर्ज?"

"मला काय विचारता, मी फ्लोअर पुसतो," व्हर्जिल म्हणायचा. मनात म्हणायचा, घालूच नका. कारण आठवी जागा एकच होती, आणि तिथे ही नाहीतर टेसा.

नॉर्माला हे बरोबर कळलं होतं. तिने त्याच्या ताटात कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या नूडल्स वाढल्या आणि विचारलं, "ती मेम्फिसची मुलगी कशी आहे?"

"उद्धट आहे."

"टेसा म्हणाली तुला रोज वाकून नमस्कार केल्यासारखी बोलते."

"तेच. कोण बोलतं असं आजकाल?"

"आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," नॉर्मा म्हणाली. "जेव."

आता जे घडलं ते सांगायला मला आवडत नाही, कारण व्हर्जिल चांगला माणूस आहे. सप्टेंबरच्या एका दुपारी इमानी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "मिस्टर व्हर्जिल, एवढ्या जुन्या फ्लोअरमध्ये मेलेल्या जागा असतात. इथे कुठे आहेत?"

सरळ प्रश्न होता. त्याच संघाची मुलगी, त्याच संघाच्या फ्लोअरबद्दल विचारत होती. व्हर्जिलने तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "एकही नाही."

"येस सर," ती म्हणाली, आणि गेली.

त्या दिवसापासून तिने एक विचित्र गोष्ट सुरू केली. सराव संपला, बाकीच्या पोरी जेवायला पळाल्या, की ही बूट काढून मांडीवर घ्यायची आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांतल्या पहिल्या पायरीवर बसून राहायची. व्हर्जिल मॉप मारायचा, ती बघायची. तास-तास. व्हर्जिलला वाटलं रुसली असेल, मिनिटं मिळत नाहीत म्हणून. चोराच्या मनात चांदणं. त्याला हेही वाटलं की हिला खोटं कळलंय आणि ही नजरेने बोचतेय. तो आणखी घाईने मॉप मारायचा. त्याचा मॉप चार फूट रुंद, आणि रस्ता एकतीस वर्षं ठरलेला: एका टोकाकडून दुसरीकडे, वळायचं, परत. डोळे मिटून मारला असता.

डिसेंबर आला. इमानीला कुठे चार मिनिटं, कुठे पाच. त्यात तिने काही फार केलं नाही. टेसाने एका मॅचला नऊ गुण केले, आणि रविवारी रॉय, डेल, अर्नी, कीथ, लायल सगळ्यांनी जेवताना तिला शाबासकी दिली. व्हर्जिल त्यांच्याशी त्या दिवशी फार गोड वागला. आठवी जागा आपल्या घरात आली असं त्याने धरूनच टाकलं.

मग नाताळाआधीचा शनिवार, दुपारी दोनची मॅच. समोर मार्श व्हॅली. त्यांच्याकडे एक डावखुरी उंच मुलगी होती, वाऱ्यासारखी. तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर तिचे बावीस गुण झाले होते आणि आम्ही अकराने मागे होतो. कर्स्टनच्याने ती आवरेना. टेसाने दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा ती टेसाला वळसा घालून गेली. कोचनी बाकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इमानी, जा."

व्हर्जिलची जागा बास्केटखालच्या रेषेबाहेर, स्टुलावर, मांडीवर टॉवेल. कोणी पडलं की घाम पुसायला धावायचं. तिथून त्याला पाय फार चांगले दिसतात.

इमानीने चेंडूला हात लावला नाही. ती त्या डावखुरीसमोर वाकून उभी राहिली आणि अर्धं पाऊल सरकली. ती मुलगी तेवढीच दुसरीकडे सरकली. आणखी अर्धं पाऊल. म्हशीला गोठ्याकडे नेतात तशी, हात न लावता. व्हर्जिलला आधी काहीच कळलं नाही. मग त्या डावखुरीचा चेंडू खाली गेला आणि नडगीपर्यंतच वर आला, तिचा हात रिकामा हवेत राहिला, आणि इमानी चेंडू घेऊन निघूनही गेली होती.

रॉय. ती डावखुरी रॉयवर उभी होती.

योगायोग असेल, व्हर्जिलने स्वतःला समजावलं. तीन मिनिटांनी दुसऱ्या बाजूला अर्नीवर तेच झालं. मग त्याच्या मांडीवरचा टॉवेल खाली पडला आणि त्याला तो उचलायचं भान राहिलं नाही. एकतीस वर्षं ही विद्या त्याच्याकडे होती. ती त्याने आणि टेसाने एकाच कामाला वापरली होती, आपण त्या जागा चुकवायला. दुसऱ्याला तिथे आणून उभं करता येतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि ही पोर दहा जणींच्या धावपळीत, शिट्ट्यांत, आरडाओरड्यात, खाली न बघता, इंच-इंच मोजून ते करत होती. त्याने पुष्कळ चांगल्या खेळाडू पाहिल्या होत्या, पण असं काही बघितलं नव्हतं, आणि जिममधल्या नऊशे लोकांत हे काय चाललंय ते समजणारा तो एकटा होता.

एकटा नव्हता. शेवटची दोन मिनिटं, आम्ही एकाने मागे. कोचनी टेसालाही आत घातलं होतं. इमानीने त्या डावखुरीला मधल्या रेषेजवळ, गुणलेखकांच्या टेबलासमोर सरकवत नेलं. व्हर्जिल मनात ओरडला, अगं तिथे कुणी नाहीये, तिथे कुठलाच मेहुणा नाही. आणि चेंडू तिथे मेला. साफ मेला. त्याहून नवल असं, की चेंडू खाली टेकायच्या आधीच टेसा दुसऱ्या टोकाकडे पळत सुटली होती. इमानीने न बघता चेंडू पुढे फेकला, टेसाने तो धावता धावता बास्केटमध्ये टाकला. तिथून आम्ही मागे वळून बघितलं नाही. तीन गुणांनी जिंकलो.

पोरी आत गेल्यावर कोच फळ्यापुढे उभ्या राहिल्या. मग त्यांनी इमानीचं चुंबक उचलून सातव्या जागी लावलं, सातवीचं आठवं केलं, आणि टेसाचं हातात धरून राहिल्या.

"बारा वर्षं आठ म्हणतेय मी," त्या व्हर्जिलला म्हणाल्या. "आता नऊ. टेसाला सहा मिनिटं मिळतील, बारा नाही. आणि सहाही मिनिटं हिच्याबरोबरच. तुमच्या नातीला वाईट वाटेल का?"

"टेसाला नाही," व्हर्जिल म्हणाला, आणि ते खरं होतं. आत जाताना टेसा त्याच्याजवळ थांबली होती आणि सहा मिनिटांचं ऐकण्याआधीच तिने त्याला सांगितलं होतं, "आजोबा, तिच्याबरोबर खेळताना मला पुढचं दिसतं." ती हसत होती. त्या बारा-बारा मिनिटांत ती त्याला अशी हसताना कधी दिसली नव्हती.

पाचाला जिम रिकामं झालं. व्हर्जिलने मॉप काढला. इमानी पहिल्या पायरीवर बसली होती, बूट मांडीवर. या वेळी तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी तुला खोटं सांगितलं होतं."

"माहीत आहे, मिस्टर व्हर्जिल."

"टेसाने सांगितलं ना?"

"नाही. मी तिला विचारलं नाही, तुमच्या दोघांत भांडण नको म्हणून. ती मेहुण्यांची नावं तिने मला गेल्या आठवड्यात सांगितली, मीच तिला जागा दाखवल्या तेव्हा."

"मग तुला कुणी दाखवल्या?"

"तुम्ही."

व्हर्जिलने हातातल्या मॉपकडे बघितलं.

"मॉप मारताना तुम्ही पाच ठिकाणी टाच दाबता," ती म्हणाली. "दरवेळी. दाबता आणि किंचित मान हलवता, घरच्या माणसाला विचारावं तसं. मला पाचही सापडायला चार दिवस लागले. मग रोज बसले, कारण नक्की कुठली फळी ते पाठ करायचं होतं."

"आणि ती टेबलासमोरची? तिथे मी दाबत नाही."

"तिथे तुम्ही पायच देत नाही. वळसा घालता. म्हणून मी सकाळी येऊन चेंडू टाकून बघितला."

व्हर्जिल मॉप सोडून तिथे गेला आणि गुडघ्यांवर बसला, जे त्याचे गुडघे त्याला सहसा करू देत नाहीत. त्याने मुठीने ठोकलं. आवाज बद्द आला. त्याला एकदम आठवलं: नोकरीचा पहिला आठवडा, याच ठिकाणी ओलं वार्निश, आणि जुना रखवालदार त्याला म्हणाला होता, पोरा, इथे पाय देऊ नकोस. वार्निश दोन दिवसांत वाळलं. तो एकतीस वर्षं वळसा घालत राहिला. स्वतःच्या फ्लोअरवरची एक जागा त्याला ठाऊक नव्हती, आणि चार महिन्यांच्या पाहुणीला ठाऊक होती. त्याला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त, या पोरीबद्दल आदर वाटला.

"मेहुणे पाचच आहेत ना?" इमानीने विचारलं. "मग याला काय म्हणायचं?"

"व्हर्जिल," तो म्हणाला. "मागितलेलं न देणारा या घरात सहावाही एक आहे."

ती उठली, त्याच्याजवळ आली, आणि उठायला हात पुढे केला.

"नाही, मिस्टर व्हर्जिल," ती म्हणाली. "तुम्ही तर रोज संध्याकाळी देत होतात."

त्याने तिचा हात धरला आणि उठला. मग मॉप घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली, आणि टेबलासमोर आल्यावर सरळ गेला.