शिकारीच्या हंगामातली पौर्णिमा

दादाने पेनसिल्व्हेनियातलं घर घेतलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने पहिल्याच भेटीत बजावलं होतं, की नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग झालं की पुढचे दोन आठवडे पांढरे कपडे बाहेर दोरीवर वाळत घालू नका. आम्हाला वाटलं, थंडीमुळे म्हणतोय. वहिनी म्हणाली, "ड्रायर आहे ना आपल्याकडे." त्यावर त्याने मान हलवली आणि हाताचा पंजा झटकन वर उडवून दाखवला. इथलं हरीण घाबरलं की शेपटी अशी वर करतं, आणि शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र असते. झाडांमधून पळणारं हरीण दिसत नाही, तेवढं पांढरं हललेलं दिसतं. शिकारी त्याचीच वाट बघत बसलेला असतो.

"आणि पहाटेपासून थंडीत बसलेल्या माणसाला," म्हातारा म्हणाला, "चादरसुद्धा शेपटीसारखी दिसते, डॉक."

दादा औषधांच्या कंपनीत संशोधक होता, डॉक्टर नव्हता. पण म्हाताऱ्याने त्याला डॉक म्हणायचं ठरवलं ते ठरवलं. तो गेल्यावर दादा हसून म्हणाला, "आपल्याकडे चादरी किती आहेत, मोजून ठेव." वहिनी हसली नाही. तिने त्याच आठवड्यात बागेतली दोरी सोडून टाकली.

घर डोंगराच्या उतारावर होतं. हा सगळा पट्टा पाटीच्या दगडाच्या खाणींचा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वेल्समधून खाणकामगार इथे आले, त्यांनी गावं वसवली, चर्चं बांधली आणि पुढे खाणी बंद पडल्यावर त्यांची मुलंबाळं तिथेच राहिली. छपरं पाटीची, अंगणातल्या फरश्या पाटीच्या, थडगीही पाटीचीच. लहानपणी ज्या पाटीवर मी अक्षरं गिरवली तिच्याच जातीच्या दगडाच्या छपराखाली आता माझा भाऊ झोपत होता, याची मला पहिल्या पावसात गंमत वाटली होती. छपरावर पडणारा पाऊस तिथे फार हलका वाजतो.

मी न्यू जर्सीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, एकटी राहते. जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी दादाकडे जायचे. घरामागून एक पायवाट निघते, बीच आणि ओकच्या झाडांतून खाली ओढ्यापर्यंत जाते, ओढ्यात ठेवलेल्या दगडांवरून पलीकडे जाते आणि पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीच्या काठावर संपते. आमच्या सहली म्हणजे एवढंच. थर्मासमध्ये चहा, डब्यात चिवडा. खाणीचं पाणी काळं दिसायचं. काठावर बसलं की दादा काही बोलायचा नाही, आणि मला त्याचं तेच आवडायचं. आमच्या घरात दोनच माणसं गप्प बसणारी, तो आणि मी. वहिनी म्हणायची, "तुम्हा दोघांना फिरायला नेणं म्हणजे दोन पुतळे हलवणं."

गावाने दादाला हळूहळू आपलं म्हटलं. गावकऱ्यांच्याच स्वयंसेवी अग्निशामक दलाच्या रविवारच्या नाश्त्याला तो पॅनकेक वाढायला उभा राहायचा. उन्हाळ्यात चर्चमध्ये एक दुपार वेल्श भाषेतली भजनं म्हणतात. म्हाताऱ्याच्या आग्रहावरून आम्ही तिघं जाऊन मागच्या बाकावर बसलो होतो. चार सुरांत गाणारी ती सगळी पांढऱ्या केसांची माणसं बघत आम्ही शेवटपर्यंत बसलो. बाहेर आल्यावर दादाने विचारलं, अर्थ काय? म्हातारा म्हणाला, "कुणाला ठाऊक. माझ्या आजीला कळायचं."

"आमचंही पालीच्या बाबतीत तसंच आहे," दादा म्हणाला.

आम्ही बौद्ध. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातली आमची पाचसहा कुटुंबं, कुणी नागपूरचं, कुणी औरंगाबादचं, कुणी मुंबईचं. पौर्णिमेला एकत्र वंदना घ्यायची असा परिपाठ. नोकरदारांची पौर्णिमा जवळच्या रविवारी येते. मोठं घर आणि मागे झाडी असल्यामुळे थंडीतल्या पौर्णिमा दादाकडे ठरलेल्या. सगळे पांढऱ्या कपड्यांत यायचे. त्रिशरण, पंचशील, मग जेवण, मग ओढ्यापर्यंत फेरफटका. मार्गशीर्षातली पौर्णिमा नेमकी शिकारीच्या त्या दोन आठवड्यांत यायची, पण आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कारण रविवारी शिकारीला बंदी होती. सोमवार ते शनिवार डोंगरातून बंदुकांचे आवाज यायचे, रविवारी सगळं चिडीचूप. म्हातारा म्हणायचा, रविवारी जंगल देवाचं. मधल्या काळात काही रविवार शिकारीला खुले झाले, तरी आमचा रविवार कसाबसा वाचत राहिला. पानगळ झालेल्या उघड्या झाडांमधून पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे रांगेने उतरताना फार सुंदर दिसायचे. माझ्याकडे त्याचे फोटो आहेत. आता ते पाहताना माझी नजर माणसांवर राहत नाही, पांढऱ्यावर राहते.

गेल्या वर्षी कायदा पूर्ण बदलला. म्हातारा मुद्दाम सांगायला आला. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत झगझगीत नारंगी बंड्या होत्या, शिकारी घालतात तशा. "आता रविवारही गेला, डॉक," तो म्हणाला. "शेडमध्ये सापडल्या तेवढ्या आणल्यात. तुमची ती पांढरी मंडळी येतील तेव्हा झाडीत जाऊच नका. आणि गेलातच, तर या घाला आणि बोलत राहा. मोठ्याने. हरीण बोलत नाही."

दादाने बंड्या गॅरेजच्या दारामागे अडकवून ठेवल्या.

त्या रविवारी वंदना चालू असतानाच पहिला आवाज आला. लांबून, डोंगराच्या पलीकडून. डोळे मिटून बसलेल्या सगळ्यांचे डोळे एकदम उघडले आणि पुन्हा मिटले. सूर तुटला नाही. 'पाणातिपाता वेरमणी', प्राण्याची हत्या करण्यापासून मी दूर राहीन, ही ओळ त्याच्या आधी येऊन गेली होती की नंतर आली, हे मला आठवत नाही. आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे.

जेवताना बाहेर जायचं की नाही यावर बोलणं झालं. वहिनीचं म्हणणं, नको. मुलं म्हणाली, तासन् तास गाडीत बसून आलो ते काय आत बसायला? दादा म्हणाला, "फक्त ओढ्यापर्यंत जाऊ. आपलीच जमीन आहे. बंड्या आहेत." त्याला मुलांना नाही म्हणता यायचं नाही. तसं त्याला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही.

बंड्या पुरल्या नाहीत. मुलांना घातल्या, वहिनीने एक घातली, मला एक मिळाली, दादाने एक चढवली. ज्यांना उरली नाही ते घरीच थांबतो म्हणाले. नागपूरहून मुलाकडे आलेले एक काका मात्र पांढरी शाल पांघरून, काठी घेऊन दारात उभे. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. कधीपासून त्यांना ओढा बघायचा होता.

"काका, तुम्ही हे घाला," दादा म्हणाला आणि स्वतःच्या बंडीची चेन उघडायला लागला.

काका मागे सरकले. "हे? सगळी हयात या रंगापासून चार हात लांब राहिलो, आणि आता अमेरिकेत येऊन अंगावर घेऊ?"

सगळे हसायला लागले. "काका, हा भगवा नाही. नारंगी आहे. रस्त्यावर काम करणाऱ्यांचा," दादा म्हणाला.

"तसं तू नागपुरात सांग जाऊन सगळ्यांना."

"भिक्खूंचं चीवर समजा ना, काका," वहिनी म्हणाली.

"चीवराला चेन नसते, पोरी."

त्यांची नात म्हणाली, "आजोबा, यू लुक लाइक अ ट्रॅफिक कोन." तोवर दादाने त्यांच्या शालीवरून बंडी चढवलीही होती. काका स्वतःकडे बघत म्हणाले, "फोटो काढू नका रे कुणी. गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

हसण्यात वहिनीचा आवाज जरा उशिरा ऐकू आला. "आणि तू?"

दादाच्या अंगात पांढरा लोकरीचा स्वेटर होता. त्याने खुंटीवरच्या कोटाकडे बघितलंही नाही. "मी मोठ्याने बोलत चालतो," तो म्हणाला, आणि त्याचं गप्प राहणं माहीत असलेले सगळे हसले.

खाली उतरताना आम्ही खरोखरच मोठ्याने बोलत होतो. मुलं गाणी म्हणत होती. काका माझ्या हाताला धरून चालत होते आणि त्यांच्या शाळेतल्या एका हेडमास्तरांची गोष्ट सांगत होते. पानं पायाखाली इतकी वाजत होती की मला सुरक्षित वाटलं; एवढा गोंगाट करणाऱ्या माणसांना कोण हरीण समजेल? मधूनच एखादा आवाज व्हायचा, मग त्याचा पडसाद डोंगराडोंगरांतून फिरत जायचा. मुलं त्यावर टाळ्या वाजवायला लागली होती.

ओढा जवळ आला तेव्हा दादा पुढे गेला. दगडांवर बर्फ साठलाय का बघतो, काका घसरतील, असं काहीतरी तो म्हणाला. नेहमीच्या आवाजात म्हणाला, म्हणजे मागच्यांना ऐकूच गेलं नसणार. वळणापाशी तो दिसेनासा झाला. नंतर कळलं ते एवढंच, की तो ओढ्याच्या काठावर वाकला होता आणि हाताने दगडावरचा बर्फ खरवडत होता.

तो आवाज मोठा नव्हता. बाकीच्यांपेक्षा लहानच वाटला, फळी मोडल्यासारखा. त्याला पडसाद नव्हता. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका हेडमास्तरांची गोष्ट सांगत राहिले, एक वाक्य, कदाचित दोन. वहिनी आमच्या पुढे होती. तिने दादाला एकदा हाक मारली, साधी, जेवायला बोलवावं तशी. मग ती पळायला लागली.

पलीकडच्या उतारावरून नारंगी कपड्यातला एक माणूस हात वर करून, ओरडत, पडत, धडपडत खाली येत होता. तो काय ओरडत होता ते मी समजून घेतलं नाही. दादा पालथा पडला होता, एक हात पाण्यात. वहिनीने तो आधी पाण्यातून बाहेर काढला. तो गार पडेल म्हणून. अँब्युलन्स यायच्या आधीच दादा गेला होता, आणि आलेले लोक म्हणजे त्याच्याबरोबर पॅनकेक वाढणारेच होते. त्यांतला एक जण ओढ्यात उभा राहून रडला.

अंत्यविधीला म्हातारा आणि चर्चची माणसं आली. ती काळ्या कपड्यांत मागे, आम्ही पांढऱ्यात पुढे. वहिनीच्या परवानगीने त्यांनी एक भजन म्हटलं. गावातल्या बायका आठवडाभर जेवण आणत होत्या, मांस न घातलेलं, झाकणावर तसं लिहून. ते प्रेम खोटं नव्हतं. आणि तरीही पोस्टात रांगेत उभी असताना मी माझ्या मागे दोन बायकांचं बोलणं ऐकलं. एक म्हणत होती, गोळी झाडणाऱ्याची तरी काय चूक, बिचाऱ्याला तीन लेकरं आहेत. दुसरी म्हणाली, पण हंगामात पांढरं घालून जंगलात जातं का कुणी? त्या मला ओळखत नव्हत्या. ओळखत असत्या तरी, मला वाटतं, थोडं हळू आवाजात हेच बोलल्या असत्या. बंदूक चालवणारा माणूस पुढच्या खोऱ्यातला. खटल्याचं काय व्हायचं ते चाललं आहे. त्याने जबाबात सांगितलं, की खाली काहीतरी पांढरं हललं.

मी वहिनीला माझ्याकडे येऊन राहा म्हटलं. सगळ्यांनीच घर विकायचा सल्ला दिला. ती ऐकून घेते आणि विषय बदलते. एकदाच म्हणाली, "तो इथे आहे. मी तिथे येऊन काय करू?"

मी कालच इथे आले. शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. उद्या रविवारी पौर्णिमेची वंदना इथेच व्हावी असा वहिनीचा हट्ट, आणि सगळे येणार आहेत, पांढरे कपडे घालून. कुणीतरी फोनवर चाचरत विचारलं, की जेवण झाल्यावर ओढ्यावर जायचं का, त्याच्यासाठी, सगळ्यांनी मिळून. वहिनीने अजून उत्तर दिलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. तिने हो म्हटलं तर मी काय करीन, मला माहीत नाही.

आत्ता सकाळ आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहिते आहे आणि ती ओट्यापाशी भाकरी थापते आहे. मधूनच डोंगरात आवाज होतो. प्रत्येक वेळी तिचा हात पिठावर थांबतो. ती मान वर करत नाही. पडसाद येतो का, तेवढं ऐकते, मीही ऐकते. तो येतो, डोंगरावरून फिरत लांब जातो, आणि मग तिचा हात पुन्हा चालू होतो. आत्ता झालेल्या आवाजाचा पडसाद आम्हा दोघींनाही ऐकू आलेला नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येतो आहे, आणि आम्ही दोघी अजून थांबून आहोत.