दोन तिकिटांचा एक प्रवास

माझे काका कवळ्या करतात. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत अडतीस वर्षं त्यांचं टेबल आहे. टेबलावर मेण, स्पिरिटचा दिवा, पॉलिशचं चाक. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. माणसाचं नाव ते विसरतील, पण दात विसरत नाहीत. त्यामुळे विमानतळावर कोण काय म्हणालं हे सांगताना त्यांनी मला एकाही माणसाचा चेहरा सांगितला नाही. सांगितलं ते असं: "ती पुढे आलेल्या सुळ्याची बाई", "तो फटीचा मुलगा".

तर झालं असं, की परदेशात असलेल्या आत्याच्या मुलाचं लग्न ठरलं. शनिवारी सकाळी अकराला नोंदणी आणि नंतर जेवण. आत्या काकांची धाकटी बहीण. तिचे वरचे दात गेले होते आणि तिकडे करून घेतलेली कवळी बोलताना खाली यायची. तिने फोन केला. "दादा, फोटोत मी तोंड मिटून उभी राहणार नाही. तू कर." तिकडच्या डॉक्टरने माप घेऊन साचा पाठवला, काकांनी कवळी केली. पण कवळी तोंडात बसवल्यावर घासून नीट करावी लागते, आणि ते काम टपालाने होत नाही. म्हणजे काकांनी जायचं ठरलं. वय अडुसष्ट, विमानात कधी पाय ठेवलेला नाही.

तिकिटं मी काढली, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच झाली. आमच्या गावापासून मोठ्या विमानतळापर्यंत एका कंपनीचं विमान, तिथून पुढे दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही एकाच वेबसाइटवरून घेतली म्हणून मला वाटलं, एकच तिकीट. कागद दोन आले, तरी मी लक्ष दिलं नाही. मध्ये साडेतीन तासांचं अंतर होतं. मी काकांना म्हणाले, "आरामात चहा प्या."

गुरुवारी पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं. दहाला पोचायचं ते बारा वाजून पाच मिनिटांनी उतरलं. पुढचं दीड वाजता. काका घाबरले नाहीत. विमान समोर उभं असताना घाबरायचं काय, असा त्यांचा हिशोब. बाण बघत, लोकांना विचारत ते वीस मिनिटांत दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पोचले. पुढे आलेल्या सुळ्याची बाई तिथे होती.

"सामान?" तिने विचारलं.

"ते विमानात आहे."

"कुठल्या विमानात?"

"ज्यातून मी आलो त्या. तुम्ही तुमच्या विमानात टाकून घ्या ना."

तिने सांगितलं की तसं होत नाही, त्यांची तिकिटं वेगळी आहेत, सामान पट्ट्यावरून घेऊन इथे आणून द्यायचं, आणि काउंटर पाच मिनिटांत बंद होणार. काका उलटे धावले. बाहेर आलेल्या माणसाला पहारेकरी आत सोडेना. कुणाला तरी बोलावलं, कागद दाखवले. बॅग हातात आली तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. काउंटरवर दिवा नव्हता.

ते आधी पहिल्या कंपनीकडे गेले. तिथला फटीचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "काका, तुम्हाला इथवर आणायचं होतं, आणलं. आमच्या तिकिटाप्रमाणे तुमचा प्रवास संपला."

"संपला कसा? मी अर्ध्या वाटेत आहे."

"आमच्याकडे पुढचं काही दिसतच नाही."

मग दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर. तिथे सांगितलं, "तुम्ही आला नाहीत अशी नोंद आहे."

"मी तुमच्यासमोर उभा आहे."

"वेळेत आला नाहीत. नवं तिकीट हवं असेल तर देते. सकाळच्या विमानात जागा आहे."

काकांनी कार्ड बाहेर काढलं आणि, नशीब, आधी मला फोन लावला. मी ऑफिसात होते. त्यांचं बोलणं मला धड कळेना. एका कंपनीच्या मते ते पोचले होते, दुसरीच्या मते आलेच नव्हते, आणि आवाज तर विमानतळावरून येत होता. मी एवढंच म्हणाले, "थांबा, काही घेऊ नका." का म्हणाले ते मलाही माहीत नव्हतं. तिकीट काढताना शेवटी कसल्या तरी चौकटीवर टिचकी मारल्याचं अंधुक आठवत होतं. विमा होता, की खिडकीची जागा, की मोबाइलवर निरोप?

ईमेल शोधला. त्यात होतं: जोडप्रवासाची हमी. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तर आम्ही दुसरं देऊ. मात्र लगेच कळवा आणि स्वतःहून नवीन तिकीट घेऊ नका, घेतल्यास हमी लागू नाही. मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसून राहिले.

ईमेलमधल्या नंबरवर फोन लावला, काकांनाही त्यात घेतलं. पलीकडचा माणूस शांत होता. मी विचारलं, "ही हमी कोणत्या कंपनीची?"

"दोन्हींची नाही. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. हमी आमची, तिकीट विकणाऱ्यांची."

त्याने विमान किती वाजता उतरलं ते विचारलं. मी सांगितलं. एवढ्यात काका बोलले, "एक मिनिट साहेब. चूक माझी आहे. मी सामान घेतलंच नाही. मला वाटलं, ते आपोआप जातं."

मी डोळे मिटले. लहानपणापासून बघतेय, एखादी कवळी टोचते म्हणून कुणी परत आणली, तर रुग्णाने ती किल्लीसारखी खिशात ठेवली असली तरी काका म्हणणार, माझंच माप चुकलं असेल.

"काका, विचारलंय तेवढंच सांगा," मी म्हणाले.

"अगं पण खरं ते सांगायला नको का?"

तो माणूस म्हणाला, "दोन विमानांमधलं अंतर दोन तासांच्या खाली आलं की हमी लागू होते. तुमचं दीड तासही उरलं नव्हतं. बाकी काय झालं ते आमच्या फॉर्ममध्ये नाही."

"म्हणजे मी चुकलो नाही?" काकांनी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. उद्या सकाळी सातचं विमान देतो, आज राहायला खोली देतो. आणि तुमचं परतीचं त्याच दुसऱ्या तिकिटावर आहे. जाताना आला नाहीत म्हणून त्यांनी तेही रद्द केलंय. तेही नवीन देतो."

"मी अजून गेलो नाही, तर परतीचं कसं रद्द होईल?"

यावर त्याने "जाताना आला नाहीत म्हणून" हेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी काका आत्याकडे पोचले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरून त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, कवळी घातली, चावायला निळा कार्बन कागद दिला, डाग पडला तिथे घासलं, कवळी परत बसवली. सात-आठ वेळा. आत्या म्हणाली, "बस्स रे दादा, छान आहे." ते म्हणाले, "तुला काय कळतंय, डावीकडे अजून उंच आहे." फोटोत आत्या सगळे दात दाखवून हसते आहे. शेजारी काका आहेत, आणि ते कॅमेऱ्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघताहेत.

परत आल्यावर एक दिवस मी दवाखान्यामागच्या खोलीत गेले. काकांनी दोन्ही तिकिटं आणि ईमेलचा कागद टेबलावर एकाखाली एक ठेवले होते. मी तिसऱ्यांदा सगळं समजावलं. काका मान हलवत राहिले.

"ते कळलं," ते म्हणाले. "पण शेवटी चूक कुणाची धरली?"

"कुणाचीच नाही, काका."

"विचारलं तरी असेल ना कुणी?"

मी नाही म्हणाले. ते पटलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं नाही. त्यांनी कागद बाजूला सारले आणि मेण गरम करायला घेतलं.